पाणीपट्टीपासून पर्यटनापर्यंत: महानदीच्या एका किनाऱ्याची गोष्ट

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर अभनपूर येतं. तहसिलीचं गाव. भाताच्या गिरण्या, धान्याच्या आडती आणि चौकातली नेहमीची वर्दळ. इथे रस्ता फुटतो. डावीकडचा फाटा राजिमला जातो आणि सरळ रस्ता कुरूदवरून धमतरी गाठतो. नकाशा उघडला तर दोन्ही वाटा शेवटी महानदीलाच भेटतात, फक्त भेटीचं ठिकाण निराळं. राजिमला ती संगमावर भेटते आणि धमतरीच्या पलीकडे गंगरेलला धरणाच्या भिंतीआड.

शनिवार-रविवारी सरळ जाणाऱ्या गाड्या जास्त असतात. गंगरेलच्या जलाशयाकाठी वाळू पसरून, छत्र्या रोवून तयार केलेला किनारा आहे. त्यावर लाकडी झोपड्या आहेत, जेट स्की आहेत, बोटीमागे हवेत उडवणारं पॅरासेलिंग आहे. पाण्यात मधूनमधून टेकड्यांचे माथे वर राहिलेले दिसतात, म्हणजे बेटांचीही सोय झालेली. रायपूर, दुर्ग, भिलाईची मंडळी या जागेला ‘मिनी गोवा’ म्हणतात. छत्तीसगडला समुद्र नाही. खरा समुद्र बघायचा तर पुरी नाहीतर विशाखापट्टणम, म्हणजे रेल्वेत एक रात्र काढायची. त्यामानाने हा गोवा सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येण्याइतका जवळ आहे.

पण पाण्याकाठी पाय पसरून बसणं हा या नदीचा अगदी अलीकडचा उपयोग. त्याआधी तिच्यावर तीर्थ झालं, दुष्काळाचं काम झालं, कर बसला, सत्याग्रह झाला आणि पोलाद कारखान्याची तहान भागली. प्रत्येक खेपेला एकच वाद उभा राहिला: या पाण्यावर हक्क कोणाचा आणि त्याचे पैसे कोणी कोणाला द्यायचे? गंगरेलचा किनारा या वादाच्या ताज्या टोकावर उभा आहे.

राजिमची वाळू

अभनपूरहून राजिम सतराएक किलोमीटर. तिथे महानदीला पैरी आणि सोंढूर मिळतात, म्हणून त्याला छत्तीसगडचा प्रयाग म्हणतात. काठावर राजीवलोचनाचं देऊळ आहे आणि त्यात जगत्पालाचा ११४५ सालचा शिलालेख आहे. नदीच्या पात्रात, अगदी मधोमध, कुलेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते ज्या जोत्यावर उभं आहे ते अष्टकोनी आणि चांगलंच उंच. बांधणाऱ्यांनी पुराचा अंदाज घेऊनच ते उचललेलं दिसतं. पावसाळ्यात चहूकडून पाणी चढतं, देवळाचं बेट होतं आणि पूर त्या कोनांवर फुटून दोन्ही अंगांनी निघून जातो. उन्हाळ्यात हेच अंतर माणसं वाळू तुडवत पार करतात. अलीकडे तिथे झुलता पूलही झाला आहे.

माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत या वाळूवर मेळा भरतो. तो तीर्थाचा असतो तसाच विश्रांतीचाही असतो. भाताची कापणी-मळणी उरकलेली, घरात धान्य आलेलं, उन्हाळी कामं अजून लांब. शेतकऱ्याला वर्षात निवांत असे जे थोडे दिवस मिळतात, ते नेमके हेच. पूर्वी बैलगाड्या जोडून घरंच्या घरं यायची, वाळूत तीन दगडांची चूल मांडायची, पहाटे संगमावर बुडी मारायची, दिवसभर मेळ्यात हिंडायचं आणि रात्री नाचा, म्हणजे इकडचं लोकनाट्य, बघत बसायचं. किनाऱ्यावर काही दिवस काढून ताजंतवानं होऊन परतणं यालाच आज सुट्टी म्हणतात. फरक एवढाच की त्या वाळूला मालक नव्हता.

सरकारांचं लक्ष तिकडे वळलं ते फार नंतर. २००५ मध्ये या मेळ्याला ‘राजिम कुंभ’ म्हणायचं ठरलं, सत्ता बदलल्यावर २०१९ मध्ये ‘माघी पुन्नी मेळा’ हे जुनं नाव परत आलं आणि २०२४ मध्ये पुन्हा ‘राजिम कुंभ कल्प’ झालं. नावं बदलत राहिली तरी येणाऱ्याची रीत बदलली नाही. जगन्नाथपुरीची यात्रा करून आलेल्याने राजिमला दर्शन घेतल्याशिवाय ती यात्रा पुरी होत नाही, अशी इकडची श्रद्धा आहे. म्हणजे समुद्र पाहून आलेल्यालाही शेवटी या नदीपाशी यावं लागतं.

दुष्काळ आणि छोटी लाइन

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले आणि मध्य प्रांताचं कंबरडं मोडलं. छत्तीसगड भाताचा प्रदेश. भाताला पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला हे महत्त्वाचं. सप्टेंबरात लोंबी भरायच्या वेळी पावसाने दगा दिला की हिरवंगार दिसणारं शेत पोकळ निघतं. तळी होती, पण ती गावापुरती.

त्याच सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूरहून धमतरीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि अभनपूरहून राजिमला फाटा काढला. लोक तिला शेवटपर्यंत ‘छोटी लाइन’च म्हणत राहिले. धमतरीच्या जंगलातलं लाकूड, लाख, हिरडा आणि मैदानातला भात रायपूरच्या मोठ्या लाइनीवर आणून टाकणं हे तिचं मुख्य काम. अभनपूर जंक्शन झालं ते या मालामुळे. मेळ्याच्या दिवसांत मात्र हीच गाडी राजिमच्या यात्रेकरूंनी भरून जायची.

दुष्काळानंतर इंग्रज सरकारने १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला. दुष्काळी मुलखात संरक्षक म्हणून कालवे काढावेत, असा त्याचा सूर होता. त्यातून छत्तीसगडमध्ये दोन मोठी कामं उभी राहिली: दुर्गकडे तांदुळा आणि धमतरीकडे महानदीचा कालवा. धमतरीजवळ रुद्री इथे नदीला बंधारा घालून पाणी कालव्यात वळवलं. पण नदीला बारमाही पाणी नाही, तेव्हा वर कुठेतरी साठा हवा. त्यासाठी सिल्लारी नदीवर मुरुमसिल्लीचं धरण १९१४ मध्ये सुरू होऊन १९२३ मध्ये पुरं झालं.

हे धरण मुद्दाम जाऊन बघावं असं आहे. त्याला दरवाजे नाहीत, ३४ सायफन आहेत. जलाशय ठरल्या पातळीवर चढला की वाकड्या नळात पाणी भरतं, आतली हवा बाहेर पडते आणि ओढ लागून पाणी आपोआप पलीकडे धो धो पडू लागतं. पातळी उतरली की तोंडाशी हवा शिरते, ओढ तुटते आणि पाणी थांबतं. भर पावसात रात्री कोणी चाक फिरवायला जायची गरज नाही. आशियातलं या प्रकारचं पहिलं धरण म्हणून ते सांगितलं जातं आणि शंभरी उलटली तरी ते काम करतं आहे.

यंत्र असं बिनबोभाट चालत होतं. त्या पाण्याची वसुली मात्र तशी चालेना.

कंडेलची जनावरं

कालव्याचा खर्च निघायला हवा होता आणि अडचण भाताच्या स्वभावात होती. पाऊस नीट झाला तर शेतकऱ्याला कालव्याचं पाणी लागत नाही. नाही झाला तर सगळ्यांना एकदम लागतं. म्हणजे सिंचन खात्याला नियमित उत्पन्न नाही. यावर खात्याने तोड काढली ती कराराची: गावाने दहा वर्षांसाठी लिहून द्यावं, पाणी लागो न लागो, ठरलेली पट्टी दरसाल भरावी.

धमतरी तहसिलीतल्या कंडेल गावाने हा करार नाकारला. त्यांचा हिशेब साधा होता. दहा वर्षांत जेवढे पैसे भरायचे, तेवढ्यात गावाचं स्वतःचं मोठं तळं होतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या राहतं. गावचे मालगुजार छोटेलाल श्रीवास्तव गावाच्या बाजूने उभे राहिले. १९२० च्या पावसाळ्यात खात्याने आरोप ठेवला की कंडेलच्या लोकांनी कालव्याचं पाणी चोरून शेतात घेतलं. पाऊस चांगला चालू होता, शेतं भरलेली होती, पाणी चोरायचं कारणच नव्हतं. तरीही सगळ्या गावावर मिळून चार हजार रुपयांच्या वर दंड बसला. लोकांनी तो भरायचा नाही असं ठरवलं.

मग जप्ती आली. गोठ्यांतली जनावरं सोडवून धमतरीच्या बाजारात लिलावाला उभी केली. बोली कोणी लावेना. दुसऱ्या बाजारांत नेली, तिथेही तेच. बैल हा त्या भागात शेतकऱ्याचा उजवा हात, आणि शेजारच्या गावाचा जप्त केलेला बैल विकत घेणारा माणूस पंचक्रोशीत तोंड दाखवू शकला नसता. चारा-पाण्यावाचून जनावरं खंगली, काही दगावली. सरकारच्या हाती ना पैसा लागला, ना गिऱ्हाईक.

हा लढा ज्यांनी हाती धरला त्यांत छोटेलाल बाबूंबरोबर राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले ही नावं पुढे होती. धमतरीच्या त्या काळच्या सार्वजनिक कामात नत्थूजी जगताप, बाजीराव कृदत्त अशी आणखीही मराठी नावं भेटतात. यात नवल नाही. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या टाचेखाली आलं, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा होईपर्यंत छत्तीसगडवर भोसल्यांचा अंमल या ना त्या रूपात राहिला. कारभाराबरोबर कारकून आले, पुजारी आले, मालगुजार झाले आणि इथलेच होऊन गेले. रायपुरात तात्यापारा आहे. हिंदी पत्रकारितेचे एक आद्य नाव माधवराव सप्रे याच शहरात राहिले. सहकारी चळवळ रुजवणारे वामनराव लाखे इथलेच. मेघावाल्यांची पिढी घरात मराठी आणि बाहेर छत्तीसगडी बोलणारी. भोसल्यांच्या काळात वसूल गोळा करायला आलेल्या समाजातली ही माणसं आता वसुलीविरुद्ध उभी होती.

सुंदरलाल शर्मा गांधीजींना आणायला कलकत्त्याला गेले. २० डिसेंबर १९२० रोजी गांधीजी मौलाना शौकत अलींबरोबर रायपूरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी मोटारीने धमतरीला गेले. अर्थात अभनपूर, कुरूदच्याच वाटेने. पण ते पोचेपर्यंत प्रकरण मिटलं होतं. गांधी येणार ही बातमी लागताच अधिकाऱ्यांनी दंड माफ केला आणि जनावरं परत दिली. धमतरीच्या सभेत गर्दी एवढी की गांधीजींना खांद्यावर उचलून मंचापर्यंत न्यावं लागलं, अशी आठवण तिथे अजून सांगितली जाते. तिथून ते नागपूरच्या अधिवेशनाला गेले आणि असहकाराच्या ठरावावर काँग्रेसचं शिक्कामोर्तब झालं. त्या ठरावाच्या आधी काही दिवस एका आडगावाने असहकार करून दाखवला होता.

दहा वर्षांनी, १९३० मध्ये, रुद्री-नवागावला जंगल सत्याग्रह झाला. मेघावाले आणि जगताप यांना आधीच पकडलं होतं, तरी लोक जमले आणि पोलिसांनी गोळी चालवली. आज गंगरेलच्या किनाऱ्याकडे जाणारी गाडी या रुद्रीच्या शेजारून जाते. मुरुमसिल्लीच्या धरणाला आता बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांचं नाव आहे. कालव्याची पट्टी नाकारणाऱ्या माणसाचं नाव त्याच कालव्याला पाणी पुरवणाऱ्या धरणाला मिळालं.

साहेबांचा समुद्र

धमतरीकडे पाण्याच्या पट्टीवरून जप्त्या होत होत्या, त्याच दशकात ‘छोटी लाइन’ची मालक कंपनी समुद्राकाठी विश्रांती विकायला निघाली होती. बंगाल-नागपूर रेल्वेने १९२५ मध्ये पुरीला किनाऱ्यासमोर आपलं हॉटेल उघडलं. उंच छत, लांबरुंद व्हरांडे, वेताच्या खुर्च्या, समोर बंगालचा उपसागर. कलकत्त्याचे साहेब आणि सुखवस्तू बंगाली कुटुंबं हवापालटाला तिथे येत. रेल्वे कंपन्यांचं गणित धंद्याचं होतं: गाडीत बसायला कारण दिलं की तिकीट खपतं. यात्रेकरूला देव होता, साहेबाला समुद्र दिला.

रायपूरकरांनाही पुरी नवी नव्हती, पण ती देवाची पुरी. जगन्नाथाचं दर्शन, महाप्रसाद, समुद्रात एक बुडी आणि परत. व्हरांड्यात बसून लाटा मोजायला पैसे मोजणं हे मध्यमवर्गाच्या डोक्यात शिरायला अजून बराच काळ जायचा होता. १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम लाइन जोडली गेली तेव्हा विशाखापट्टणमचा समुद्रही जवळ आला, पण ती लाइन टाकली होती मँगनीज आणि तांदूळ बंदरावर नेण्यासाठी.

खुद्द गोव्यातही समुद्राकाठची सुट्टी पर्यटकांच्या आधी गोवेकरांनी शोधून काढलेली आहे. तिथली कुटुंबं उन्हाळ्यात कळंगुट, कोलव्याला महिनाभर घर घेऊन राहायची, रोज खाऱ्या पाण्यात बुडायची. अंगदुखीला आणि कातडीला ते चांगलं, असा समज. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, साठीच्या शेवटी हिप्पी आले, १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्याच्या बुरुजाशी ताजचं बीच रिसॉर्ट उभं राहिलं, १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे नेते गोव्यात विश्रांतीला आले आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून चार्टर विमानं उतरू लागली. २००१ मध्ये ‘दिल चाहता है’ आला आणि मित्रांनी गाडी काढून गोव्याला जाणं हा देशभरच्या तरुणांचा रिवाज झाला. रायपूर-भिलाईचा पोरगा तेच स्वप्न बघत होता. फक्त त्याच्याकडे दोन दिवसांची सुट्टी होती आणि मध्ये अख्खा महाराष्ट्र होता.

बावन्न गावं

भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याला लोखंड आणि कोळसा लागत होता तसंच पाणीही लागत होतं, आणि तेही वर्षाचे बाराही महिने. तांदुळ्याचं पाणी पुरेना. वर महानदीच्या उगमाकडे दुधावाचं धरण १९६४ मध्ये झालं होतं, तरी मोठा साठा हवा होता. रुद्रीच्या थोडं वर, गंगरेल गावाशी, नदी दोन टेकड्यांमध्ये आवळते. जागा तिथली ठरली. मे १९७२ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि सत्तरीचं दशक सरता सरता धरण उभं राहिलं. जुन्या मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांच्यावरून त्याला रविशंकर सागर नाव दिलं. १४ दरवाजे, सुमारे ३२ टीएमसी पाणी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचा एकत्र साठा २९ टीएमसीच्या घरात आहे, यावरून गंगरेलचा अंदाज यावा. भिलाईचं पोलाद, रायपूरचे नळ, मैदानातला भात हे सगळं या पाण्यावर चाललं आहे.

त्या पाण्याखाली बावन्न गावं गेली. बहुतेक गोंड आणि इतर आदिवासी-शेतकऱ्यांची. नदीकाठची गाळाची जमीन गेली आणि वरच्या मुरमाड उतारावर नवं घर मांडायची पाळी आली. मोबदला अपुरा होता आणि पुनर्वसन अर्धवट राहिलं, ही तक्रार पुढच्या पिढीने चालवली. ते प्रकरण बिलासपूरच्या उच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये, म्हणजे कंडेलच्या बरोबर शंभर वर्षांनी, न्यायालयाने विस्थापितांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर असल्याचं ठणकावून सांगितलं. पायाभरणीला तोवर अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

गावांबरोबर देवही उठले. अंगारमोती ही या बावन्न गावांची देवी. तिचं ठाणं चंवर गावात होतं. ते बुडायच्या आधी तिला धरणाच्या काठावर, झाडाखाली आणून बसवलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिथे मडई, म्हणजे जत्रा, भरते. बुडालेल्या गावांचे देव आपापल्या डांगांवर, म्हणजे उंच काठ्यांवर, मिरवत येतात. मूल व्हावं म्हणून नवस बोललेल्या बाया केस मोकळे सोडून, पालथ्या, रांगेने जमिनीवर पडून राहतात आणि बैगा, म्हणजे देवाचे पुजारी, त्यांच्या पाठीवरून चालत देवीकडे जातात. या प्रथेवर बाहेरून टीका झाली आणि ती व्हायलाही हवी. पण मडईचं दुसरं अंगही नजरेआड करता येत नाही. गाव राहिलं नाही, शीव राहिली नाही, तरी बावन्न गावांची माणसं वर्षातून एकदा एकत्र येतात आणि आपण कुठल्या गावचे ते देवाच्या काठीवरून सांगतात.

किनारा उभा राहतो

धरण झाल्यावर पहिली तीसेक वर्षं तिथे जाणारा माणूस सहलीचा होता. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाण्याचा लोंढा बघायला लोक जमत, डबा खात आणि परतत. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि त्याचं पर्यटन मंडळ कामाला लागलं तेव्हा हिशेब मांडला गेला: जंगल आहे, धबधबे आहेत, देवळं आहेत, समुद्र नाही. पण धरणं आहेत. काठावर ‘बरदिहा लेक व्ह्यू’ नावाने लाकडी कॉटेज उभ्या राहिल्या. मग बोटी आल्या, मग जलक्रीडा आणि मग वाळूचा किनारा. कोरब्याच्या बांगो जलाशयावर सतरेंगा इथेही असंच ठाणं उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने मंत्रिमंडळाची बैठकच तिथे घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गंगरेलला ‘जल जगार’ महोत्सव झाला. पाणी वाचवण्याचा संदेश आणि पाण्यावरचे खेळ दोन्ही एकाच मांडवात.

या किनाऱ्याला खऱ्या समुद्राच्या मानाने काही सोयी आहेत. भरती-ओहोटी नाही, खारं पाणी नाही. पण त्याची स्वतःची एक ओहोटी आहे आणि ती चंद्रावर नाही, कालव्यावर चालते. उन्हाळी भाताला पाणी सोडलं, भिलाईची आणि रायपूरची गरज वाढली की मे महिन्यापर्यंत पाणी मागे सरकतं आणि मधली चिखलाची पट्टी उघडी पडते. म्हणजे बोट कुठून सुटणार हे अखेर सिंचन खातंच ठरवतं. हॉटेलवाल्याला पाणी भरलेलं हवं, शेतकऱ्याला सोडलेलं. या दोघांत आजवर उघड भांडण झालेलं नाही, कारण गंगरेलमध्ये शेतकऱ्याचा आणि कारखान्याचा हक्क आधीचा आहे आणि पर्यटक हा उरलेल्या पाण्याचा पाहुणा आहे. तो क्रम उलटला तर भांडण होईल.

मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. कोयनेच्या शिवसागराकाठी तापोळा, बामणोली आहे. त्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात, बोटी आहेत, तंबू आहेत, कृषी-पर्यटनाच्या पाट्या आहेत. त्याच पाण्याखाली ज्यांची गावं गेली, ते कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षं जमिनीचे कागद घेऊन हेलपाटे घालताहेत. पवनेकाठी शनिवारी-रविवारी तंबूंची जत्रा भरते आणि पवनेच्या धरणग्रस्तांचेही मोर्चे निघतात. धरणाकाठचा देखावा हा नेहमीच कोणाच्या तरी बुडालेल्या शिवारावरून दिसतो. काही ठिकाणी विस्थापितांच्याच मुलांनी बोटी घेतल्या, खोल्या काढल्या आणि पाण्यावर थोडा हक्क परत मिळवला. तापोळ्याला असं बऱ्यापैकी घडलं. ते आपोआप होत नाही. परवाना कोणाच्या नावावर, जागा कोणाची, ठेका कोणाला, यावर ते ठरतं.

अभनपूरच्या तिठ्यावरूनही आता नव्याने माणसं जाऊ लागली आहेत. छोटी लाइन उखडली गेली. तिच्या जागी रुंद रूळ आले आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर गाडी सुरू झाली. ती आधी नवा रायपूरला थांबते, म्हणजे या प्रदेशाचं नवं सरकारी शहर आणि जुनं जंक्शन आता एकाच गाडीवर आहेत. पुढे धमतरीपर्यंत रूळ पुरे झाले की भाडं भरून गंगरेलला जाणं नोकरदाराबरोबर मजुरालाही परवडेल. तेव्हा किनाऱ्यावरची गर्दी वाढेल आणि पैसाही वाढेल.

प्रश्न त्या पैशाचा आहे. किनाऱ्यावर आराम करायला येणाऱ्याचा यात दोष नाही. आठवडाभर कारखान्यात, दुकानात, कचेरीत राबलेल्या माणसाला पाण्याकाठी दोन तास मिळावेत हे राजिमच्या वाळूने शेकडो वर्षं मान्य केलेलं आहे. आणि तो तिकीट आपखुशीने काढतो, त्याच्या गोठ्यातून कोणी बैल सोडून नेत नाही. पण कंडेलने या भागाला हिशेब घालायची एक रीत शिकवली: पाण्याच्या नावाने दहा वर्षांत किती जाईल आणि तेवढ्यात आपलं काय उभं राहील ते आधी मांडायचं, मग सही करायची. गंगरेलच्या बोटी, झोपड्या आणि वाहनतळावर दहा वर्षांत किती जमेल आणि त्यातून बावन्न गावांच्या वाट्याला काय येईल, हा हिशेब उद्या त्या गावांच्या नातवंडांनी मागितला तर ती मागणी नवी नसेल. धमतरीच्या बाजारात ती एकदा ऐकून घ्यावी लागलेली आहे.